ताप, रक्त आणि नडगी: महाविद्यालयीन लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी हंगामाचं मार्गदर्शन

महाराष्ट्रात महाविद्यालयीन धावपटूचा हंगाम आणि डासांचा हंगाम एकाच वेळी सुरू होतो. जुलैपर्यंत प्रवेश होतात. ऑगस्टपासून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची पत्रकं लागतात. पुढे झोनल (विद्यापीठाच्या एका विभागातली) क्रॉसकंट्री, इंटरझोनल, विद्यापीठाचं सराव शिबिर आणि हिवाळ्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडचा जोरही याच ऑगस्ट ते नोव्हेंबरात. त्यात दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा, श्रावण-नवरात्राचे उपास आणि पोलीस भरतीची स्वतंत्र तयारी. सकाळी कोचकडे १२ किलोमीटर आणि संध्याकाळी भरतीच्या ग्रुपबरोबर १६०० मीटरच्या फेऱ्या मारणारी मुलं जवळपास प्रत्येक तालुक्यात दिसतात. त्यांचा हा दुसरा सराव कोचच्या वहीत कुठेच नसतो.

आठवड्याच्या तापाने हंगाम क्वचितच बुडतो. झोनल जवळ आली म्हणून ताप उतरल्यावर चौथ्या दिवशी इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत वेगात पळायच्या फेऱ्या) मारले जातात, किंवा दुखऱ्या नडगीवर स्प्रे मारून शिबिर पूर्ण केलं जातं, आणि तिथे हंगाम हातचा जातो. म्हणून या लेखात परतीचा वेग आणि त्याआधीच्या तपासण्या यांनाच जास्त जागा दिली आहे.

हंगामाआधी घ्यायच्या नोंदी

एक साधी वही घ्या. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. दहा-बारा दिवसांत तुमचा नेहमीचा आकडा कळतो. तो ५० असेल आणि एखाद्या दिवशी ५८ भरला, तर त्या दिवशी हलकंच पळायचं. दोन दिवस सलग वाढलेला राहिला, तर सुट्टी. बऱ्याचदा ताप अंगात दिसण्याच्या आदल्या दिवशीच नाडी चढलेली असते.

दुसरी नोंद ठरलेल्या फेरीची. गावाबाहेरचा किंवा मैदानाभोवतीचा ५ किलोमीटरचा एकच मार्ग ठरवा. तब्येत ठणठणीत असताना तो बोलता येईल अशा आरामाच्या वेगाने पळा आणि थांबल्याबरोबर १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. वेळ आणि नाडी दोन्ही लिहून ठेवा. आजारानंतर तयार झालो की नाही हे ठरवताना हीच नोंद कामी येते. ती नसली की सगळं ‘आता बरं वाटतंय’वर चालतं आणि त्या वाटण्यावर शर्यतीच्या तारखेचा दबाव असतो.

तिसरी गोष्ट रक्ताची. जुलैत एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. सगळं परवडत नसेल तर निदान सीबीसी आणि फेरिटिन करा. नंदुरबार, पालघर, नाशिकचा आदिवासी पट्टा, गडचिरोली, चंद्रपूर अशा भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण लक्षणीय आहे. तिथल्या धावपटूंनी सिकलसेलची चाचणी आयुष्यात एकदा करावीच, ती सरकारी दवाखान्यात होते. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, वाहक धावपटू पळू शकतात. पण कडक उन्हात, तापातून उठल्यावर किंवा पाणी कमी पडलेलं असताना जिवाच्या आकांताने मारलेल्या सलग फेऱ्या त्यांना जिवावर बेतू शकतात. त्यांनी वेग हळूहळू वाढवावा, फेऱ्यांमध्ये जास्त विश्रांती घ्यावी आणि पाय अचानक गळाल्यासारखे किंवा दुखरे झाले तर त्याच क्षणी थांबावं. हे कोचला आधीच सांगून ठेवलेलं असावं. नाहीतर त्याला तो कंटाळा वाटतो.

दम पुरत नाही, तेव्हा आधी लोह बघा

लक्षणं ओळखीची असतात. आरामाचा वेग जड जातो, ५००० मीटरमध्ये तिसऱ्या किलोमीटरपासून पाय रिकामे वाटतात, वेळ महिनाभर सुधारत नाही. कोच म्हणतो मेहनत कमी पडते, मग सराव वाढतो आणि अवस्था आणखी बिघडते.

हिमोग्लोबिन मुलींमध्ये १२ आणि मुलांमध्ये १३ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. मात्र लोहाचा साठा त्याच्या खूप आधी आटतो आणि तो फेरिटिनवरून कळतो. १५ च्या खाली म्हणजे साठा संपल्यात जमा. लांब पल्ल्याच्या धावपटूचा आकडा ३०-३५ च्या खाली असेल तर क्रीडावैद्यकातले डॉक्टर सहसा हालचाल करतात. फेरिटिन तापात आणि सुजेत खोटं वाढतं. म्हणून ते आजारपणात किंवा जोरदार सरावाच्या दुसऱ्या दिवशी तपासू नका. ताप जाऊन दोन आठवडे झाल्यावर, विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्या.

गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. कारण लाल पेशी लहान पण फेरिटिन व्यवस्थित, असं असेल तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची शक्यता असते आणि तिथे लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नसतो. गोळी सुरू झाली की पुढच्या गोष्टी पाळा:

– वेष्टनावर शुद्ध लोह किती मिलिग्रॅम ते वाचा. साधारण ६० ते १०० मिलिग्रॅमची एक मात्रा पुरते. एक दिवसाआड घेतली तर ती जास्त चांगली शोषली जाते आणि पोटालाही कमी त्रास होतो.

– सकाळी घ्या. पळून आल्यावर घ्यायची असेल तर अर्ध्या तासाच्या आत. व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते लोहाची वाट अडवतं. दुपारची गोळी म्हणूनच बरीचशी वाया जाते.

– लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

– शौचाला काळसर होणं अपेक्षितच आहे. बद्धकोष्ठ झालं तर मात्रा बदलून घ्या, गोळी परस्पर बंद करू नका.

हिमोग्लोबिन तीन-चार आठवड्यांत वर सरकू लागतं, साठा भरायला मात्र तीन महिने किंवा जास्त लागतात. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. गोळ्या नीट घेऊनही आकडा हलला नाही तर कारण शोधावं लागतं: जंत, मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटाचा आजार. बी-१२ कमी असेल तर नुसत्या लोहाने काम होत नाही आणि शाकाहारी मुलांमध्ये ते कमी असणं अगदी सर्रास आहे.

आहारात अळीव, मोड आलेली मटकी, चवळी, राजगिरा, बाजरीची भाकरी, खजूर असू द्या. मांसाहार चालत असेल तर कलेजी आणि सुका जवळा. डाळ-भाजीवर लिंबू पिळायचं आणि जेवणाला चिकटून चहा घ्यायचा नाही, एवढे दोनच बदल मेसच्या जेवणातही करता येतात. साठा रिकामा असताना आहाराने तो लवकर भरत नाही. तिथे गोळीच लागते.

तापातून परत

ताप असताना पळायचं नाही, इझी म्हणजे आरामाच्या वेगानेसुद्धा नाही. नुसती सर्दी असेल, नाक वाहतंय, घसा थोडा खवखवतोय, तर २०-३० मिनिटं हळू पळायला हरकत नसते. छातीत कफ, अंगदुखी, जुलाब किंवा ताप असेल तर सराव बंद. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा हृदयावर जोर दिला तर ते प्राणघातक ठरू शकतं. आजारानंतर पळताना छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली किंवा धाप नेहमीपेक्षा वेगळी वाटली, तर थांबा आणि ईसीजी, इको करून घ्या. सूज निघाली तर तीन ते सहा महिने सराव नाही. त्यात घासाघीस चालत नाही.

डेंग्यूचा संशय असेल तर वेदनेसाठी फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवतात आणि धावपटूंच्या बॅगेत नेमक्या याच गोळ्या असतात. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ यापैकी काही दिसलं तर लगेच रुग्णालयात जा.

पॅरासिटामॉल न घेता सलग ४८ तास ताप नसला, जेवण पूर्ववत झालं, दोन मजले चढून धाप लागत नाही आणि डेंग्यू असेल तर प्लेटलेट सामान्य झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, की पुढच्या टप्प्यांना सुरुवात करा.

१. पहिले तीन दिवस २० ते ३० मिनिटं चालणं.

२. चौथा ते सहावा दिवस: एक मिनिट जॉग, एक मिनिट चालणं, असं १० ते १२ वेळा.

३. सातवा ते दहावा दिवस: एक दिवसाआड २० ते २५ मिनिटं सलग, बोलता येईल अशा वेगाने.

४. अकरावा ते सोळावा दिवस: ३० ते ४० मिनिटं इझी, दोन दिवशी शेवटी ८० मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा.

५. मग ठरलेली ५ किलोमीटरची फेरी. नेहमीच्या वेळेत नाडी पूर्वीच्या आकड्याच्या पाच-सहा ठोक्यांच्या आत असेल तर एक मिनिट वेगात आणि एक मिनिट हळू असे सहा तुकडे. दहापेक्षा जास्त फरक असेल तर आणखी एक आठवडा इझी. पूर्ण इंटरव्हल त्याच्या पुढच्या आठवड्यात.

प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशीची सकाळची नाडी बघा. ती सात-आठ ठोक्यांनी चढली असेल किंवा दुपारी झोप अनावर होत असेल तर एक टप्पा मागे या. साध्या तीन दिवसांच्या तापाला हीच शिडी निम्म्या दिवसांत चढता येते. डेंग्यूत दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असेल तर ती निम्म्यात उरकू नका.

टायफॉइडमध्ये प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण व्हायच्या आत बरं वाटतं आणि इथेच फसायला होतं. कोर्स अर्धवट सुटला तर आजार उलटू शकतो. कोर्स संपून एक आठवडा गेल्याशिवाय पहिला टप्पाही नको. व्हायव्हॅक्स मलेरियात प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायच्या असतात. त्या सोडल्या तर तोच मलेरिया काही महिन्यांनी, बहुधा ऐन शिबिरात, परत येतो. चिकुनगुनियात सांधे आठवडेच्या आठवडे धरलेले राहतात. तिथे सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हेच मोजमाप धरा, दिवस मोजत बसू नका.

जुलाब, टायफॉइड किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही औषधं आपल्याकडे सहज लिहिली जातात. या गटाच्या औषधांमुळे टाचेमागची जाड शीर (ॲकिलिस टेंडन) दुखावू शकते, क्वचित तुटतेही. डॉक्टरांना आपण धावपटू आहोत हे आधी सांगा आणि दुसरा पर्याय आहे का ते विचारा. तेच औषध घ्यावं लागलं तर ते चालू असेपर्यंत आणि पुढचे काही आठवडे टेकडी, स्पाइक (खिळ्यांचे बूट) आणि उड्या बंद. टाचेच्या वर दुखू लागलं तर पळणं थांबवून लगेच दाखवा.

नडगी: शिरा भरल्या की हाड गेलं?

मातीच्या ट्रॅकवर आठवड्याला ४०-५० किलोमीटर पळणारी मुलगी विद्यापीठाच्या शिबिरात येते. सिंथेटिकवर स्पाइक घालून दोन वेळचा सराव सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नडगी बोलू लागते. स्नायूंची ताकद लवकर वाढते, हाडाला वेळ लागतो. ही तफावत शिबिरात हमखास उघडी पडते.

बोटाने नडगीची आतली कड वरून खाली दाबत जा. पाच-सहा इंचांच्या पट्ट्यात सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल आणि वॉर्मअपनंतर कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे हाड शाबूत पण त्याची कड दुखावलेली. पळणं निम्म्यावर आणा, मऊ जमिनीवर पळा, पोटऱ्यांचे व्यायाम करा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी कळ येते, पळता पळता वाढत जाते, रात्री ठणकतं, त्या पायावर एकदा उडी मारली तरी दुखतं, असं असेल तर हाडाला चीर आहे असंच धरून चाला आणि त्याच दिवशी पळणं बंद करा. उडीची चाचणी परत परत करून बघू नका.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून पळायला लागलेल्यांचीच चीर पुढे मोठी होते. खात्री एमआरआयने होते. तो परवडत नसेल तर चीर आहे असं समजून पळणं बंद ठेवायचं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. नडगीच्या आतल्या-मागच्या बाजूची किंवा पावलाच्या मधल्या लांब हाडांची चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. नडगीची पुढची कड, पायाच्या कमानीवरचं नॅव्हिक्युलर हाड, करंगळीच्या हाडाचा बुडखा आणि मांडीच्या हाडाची मान या जागा धोक्याच्या आहेत. जांघेत खोल दुखत असेल आणि वजन टाकल्यावर वाढत असेल तर चालणंही थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

बंदच्या काळात जिममधली जागेवरची सायकल चालवा किंवा तलावात पट्टा बांधून खोल पाण्यात पळा. तालुक्याला तलाव नाही म्हणून शेततळ्यात उतरायचा विचार कुणी करू नये. प्लास्टिकच्या निसरड्या उतारावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही.

परत येताना आधी सलग पाच दिवस न दुखता चाललं पाहिजे आणि दाबल्यावर दुखता कामा नये. मग ३० मिनिटांचं वेगवान चालणं. मग दिवसाआड चार मिनिटं चालणं आणि एक मिनिट पळणं असे सहा संच. दर दोन वेळांनी पळण्याचं एक मिनिट वाढवा आणि चालण्याचं एक कमी करा. सलग ३० मिनिटं जमेपर्यंत घड्याळाकडे आणि स्पाइककडे बघायचं नाही. कळ परत आली तर दोन दिवस थांबून एक पायरी खाली.

हाडाला दुसऱ्यांदा चीर गेली तर दोष फक्त बुटांचा नसतो. ड जीवनसत्त्व २० च्या खाली आहे का बघा. मुलींनी पाळीची नोंद ठेवावी. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘सरावामुळे असं होतंच’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडतंय आणि हाडं त्याची किंमत देताहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि वजन कमी करण्याचा सल्ला देणाऱ्याला त्यांनी लिहून दिलेला कागद दाखवा. मुलांमध्ये अशी उघड खूण नसते, म्हणून त्यांची उपासमार उशिरा कळते.

सराव साडेसातला संपतो आणि मेस नऊला उघडते, हे रोजचं दुखणं आहे. खोलीवर दोन केळी, मूठभर फुटाणे, गूळ-शेंगदाणे आणि दूध ठेवा. पळून झाल्यावर ४५ मिनिटांच्या आत ते पोटात जाऊ द्या. नवरात्रात नुसत्या साबुदाण्यावर क्रॉसकंट्रीचा सराव होत नाही. उपास करायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाणे, दही, दूध, रताळी भरपूर घ्या आणि त्या नऊ दिवसांत कठीण सराव ठेवू नका.

दमा, खोकला आणि नाडा

पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला आणि छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर फुप्फुसांची स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची श्वासाची चाचणी) करून घ्या. थंडीत पहाटे हे जास्त होतं. १५ मिनिटांचं लांब वॉर्मअप आणि तोंडा-नाकावर पातळ रुमाल याने बऱ्याच जणांना आराम पडतो.

औषध घेताना नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, नियम लागू होतात. इनहेलरमधलं दम्याचं औषध सॅल्ब्युटामॉल मर्यादेत चालतं: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. एका झटक्यात सहसा १०० मायक्रोग्रॅम असतात. तेच औषध गोळीतून किंवा सिरपमधून घेणं मात्र निषिद्ध आहे. टर्ब्युटालिन तर कोणत्याही रूपात निषिद्ध, आणि ते आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असतं. बाटलीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय एक चमचाही घेऊ नका. स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनं चालत नाहीत. २०२४ पासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही त्या यादीत आहे आणि ते पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत विकलं जातं.

सर्वात घातक सवय सलाइनची. ‘एक बाटली लावा, ताकद येईल’ म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात जाणं नियमात बसत नाही. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं हीच निषिद्ध पद्धत आहे, आत साधं मिठाचं पाणी असलं तरी. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारासाठी सूट आहे. म्हणून डेंग्यूत दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची नोंद जपून ठेवा. कोणतंही औषध घेण्याआधी नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर तपासा. निषिद्ध औषध टाळता येणारच नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करा. जिममधल्या पावडरी आणि नाव नसलेली चूर्णं यांत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कोणती शर्यत सोडायची

आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयाची मर्यादा २५ पर्यंत आहे. पदवी आणि पदव्युत्तर मिळून चार-पाच हंगाम मिळू शकतात. ही वाट जागतिक विद्यापीठ स्पर्धेपर्यंत जाते. नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१७ साली तैपेईत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेतलं ते याच वाटेने. १९ व्या वर्षीची एक झोनल त्या मानाने स्वस्त आहे.

हिशेब शर्यतीच्या तारखेपासून उलटा करा. शर्यतीआधी किमान दोन आठवडे पूर्ण सराव आणि त्याआधी परतीचे टप्पे. एवढे दिवस उरत नसतील तर ती शर्यत सोडा. क्रॉसकंट्री हुकली तर ट्रॅकचे ५०००-१०,००० सहसा काही आठवड्यांनी असतात, तिकडे वळा. पाण्याचे अडथळे असलेलं ३००० मीटर स्टीपलचेस मात्र नडगी किंवा टाचेच्या दुखापतीनंतर त्या हंगामात नको. दिवाळीनंतरच्या बक्षिसाच्या रोड रेसनाही हाच नियम लावा. तिथे मोह जास्त असतो, कारण रोख रक्कम असते.

माघारीचं तोंडी सांगू नका. तारीख, निदान आणि किती आठवडे विश्रांती हे लिहिलेलं प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना प्रवेशिका पाठवण्याच्या मुदतीआधी द्या आणि पोच घ्या. त्याच कागदाची एक प्रत विभागप्रमुखांकडे द्या, म्हणजे हजेरीचा प्रश्न परीक्षेच्या तोंडावर उभा राहत नाही. शिबिरात निवड झाल्यावर आजारी पडलात तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे राखीव धावपटूचं तिकीट वेळेत निघतं. दुखणं लपवून रेल्वेने दोन दिवसांचा प्रवास करायचा आणि तिथे दुसऱ्या किलोमीटरला बाहेर पडायचं, यात तुमची जागा तर जातेच, संघाचे गुणही जातात.